उल्व्हाचे क्रोमोसोम मोजायचेत? मग आधी घड्याळ उलटं करा

दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की कुणीतरी विचारतंच, ताई, प्रोजेक्टला उल्व्हा, म्हणजे समुद्री हिरवं शेवाळ घेतलंय, क्रोमोसोम मोजायचेत, कांद्याच्या मुळासारखंच करायचं ना? नाही रे बाबा. कांद्यासारखं केलंत तर माझं जे झालं तेच तुमचं होणार, म्हणजे दोन महिने रोज सकाळी अकरा वाजता लॅबमध्ये जाऊन फिक्स करायचं, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत मारून टिकवायच्या, संध्याकाळपर्यंत स्लाइडी बघायच्या, शंभरेक स्लाइडी झाल्या आणि त्यात विभाजन होणारी पेशी एकही नाही. सगळे न्यूक्लियस आपले गोल गोल झोपलेले. मला वाटलं स्टेन खराब आहे, मग वाटलं शेवाळच मेलंय. दोन्ही ठीक होतं, माझी वेळ चुकत होती, ते पुढे सांगतेच.

आधी कांदा डोक्यातून काढून टाका. कांद्यात हॅप्लॉइड आकडा, म्हणजे एकेरी संचातले क्रोमोसोम, ८, आणि त्या ८ क्रोमोसोममध्ये मिळून साधारण १६ अब्ज बेस पेअर (डीएनएची अक्षरं), म्हणजे एकेका क्रोमोसोमच्या वाट्याला दोन अब्ज. २०१८ साली उल्व्हा म्युटॅबिलिसचा अख्खा जिनोम वाचून झाला, तो निघाला साडेअठ्ठ्याण्णव मिलियन. म्हणजे कांद्याच्या एका क्रोमोसोममध्ये उल्व्हाचे वीस जिनोम मावतील. आणि एवढासा जिनोम पुन्हा नऊ-दहा तुकड्यांत विभागलेला. म्हणून उल्व्हाच्या स्लाइडीत क्रोमोसोम दिसतात ते खसखशीसारखे, लांबीला फार तर एक-दोन मायक्रॉन, सेंट्रोमिअर (क्रोमोसोमची कंबर) कुठे आहे वगैरे प्रश्न विचारायचेच नाहीत. हंड्रेड एक्स ऑइल लेन्स धड नसेल तर हा विषयच घेऊ नका, गाइडला आत्ताच सांगून टाका.

कुठलं शेवाळ घ्यायचं

कोकणात कातळावर जे सहज मिळतं त्यातून सांगते. उल्व्हा, म्हणजे ते लेट्युसच्या पानासारखं पातळ हिरवं, आणि त्याच्यातलेच नळीवाले प्रकार ज्यांना आपले जुने सर अजून एंटेरोमॉर्फा म्हणतात. शिवाय किटोमॉर्फा, तो न फुटणारा जाड हिरवा दोरा, आणि क्लॅडोफोरा, फांद्या फुटलेला झुबका. पहिल्यांदा करत असाल तर नळीवालं उल्व्हा किंवा किटोमॉर्फा घ्या. पानवाल्या उल्व्हात पेशींचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, दाबलं की एकावर एक येतात, नळीत एकच थर असतो. किटोमॉर्फा आणि क्लॅडोफोराच्या एकेका पेशीत ढीगभर न्यूक्लियस असतात, वेळ जमली तर एकाच पेशीत बरेच न्यूक्लियस एकदम विभाजनात सापडतात आणि मग अख्ख्या दिवसाचं काम एका पेशीत होतं.

कौलर्पा, कोडियम, ब्रायॉप्सिस यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. दिसायला देखणी आहेत, पण त्यांच्यात आडव्या भिंतीच नाहीत, अख्खं झाड म्हणजे एक मोठी नळी, कापलं की आतला रस बाहेर. कौलर्पा लेंटिलिफेराचा जिनोम तर तीस मिलियन बेस पेअरच्याही आत आहे, उल्व्हापेक्षाही किती लहान बघा. हौस असेल तर पीएचडीत करा.

गोळा करणं

पाऊस संपून कातळ हिरवे व्हायला लागले की डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. ओहोटीची वेळ बघायला अॅप आहेत, पण आमच्याकडे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, पावणेचारला पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला भरती, म्हणजे सहाच्या आसपास ओहोटी, सकाळी पण आणि संध्याकाळी पण, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं, नेहमी बुडालेला कातळ उघडा पडतो. गावोगावी थोडं पुढेमागे होतं पण अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फार आत जात नाही तेव्हा जाऊन रिकाम्या हाताने परत यायची वेळ येत नाही. मालवणला जाणार असाल तर तिथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय एक पान पण उचलू नका.

सकाळची ओहोटी धरा. उन्हात तापलेलं शेवाळ पिशवीत घालून एसटीने लॅबपर्यंत आणलंत तर पोचेपर्यंत त्याची भाजी झालेली असते. ओल्या फडक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मासच्या डब्यात ठेवायचं, पाण्यात बुडवून आणायचं नाही, त्या पाण्यात रस्त्यातच बीजाणू सुटतात आणि सगळा घोळ होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक करत नाहीत. एक थॅलस, म्हणजे शेवाळाचं एक अख्खं झाड, एक नंबर. त्या एकाच थॅलसचे चार तुकडे करायचे. एक हर्बेरियम शीटवर, म्हणजे कागदावर सुकवून चिकटवलेला, एक सिलिका जेलमध्ये सुकवून डीएनएसाठी, एक जिवंत कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवायला, एक फिक्सेटिव्हमध्ये. चौघांवर तोच नंबर. झुबक्यातून मूठभर उचलून सगळं एका बाटलीत कोंबलं तर त्यात तीन जाती निघू शकतात आणि मग तुम्ही मोजलेला आकडा कोणाचा ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि नंबर पेन्सिलीने लिहा. मी पहिल्या ट्रिपला बॉलपेनने सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून बाटल्यांत टाकल्या, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल निळं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. अठरा बाटल्या होत्या.

हे एवढं का सांगतेय, तर जुन्या कागदांत उल्व्हाचे हॅप्लॉइड आकडे ५ पासून १३ पर्यंत सापडतात, जास्त करून ९ नाहीतर १०, आणि एकाच नावाच्या जातीला दोन वेगळे आकडे हे तर नेहमीचंच. कोण चुकलं ते आता तपासता येत नाही, कारण ज्या थॅलसवर मोजलं तो कुठे ठेवलेलाच नाही. नावं तर इतकी बदललीत की जुन्या पेपरातलं नाव बघून ती जात कुठली हे छातीठोक सांगता येत नाही.

हा गॅमेटोफाइट की स्पोरोफाइट

उल्व्हात आणि समुद्री क्लॅडोफोरांत दोन पिढ्या असतात, एक हॅप्लॉइड म्हणजे एकेरी संचाची, तो गॅमेटोफाइट, एक डिप्लॉइड म्हणजे दुहेरी संचाची, तो स्पोरोफाइट, आणि डोळ्यांनी बघून दोघी जुळ्या बहिणी. तुम्ही १० मोजले आणि तो गॅमेटोफाइट असेल तर ठीक, पण स्पोरोफाइटात १८ मोजले तर ते ९ चे दुप्पट की १० च्या दुप्पटीत दोन हुकले? म्हणून मोजण्याआधी पिढी ओळखा.

त्याची युक्ती सोपी आहे. पानाची कड बघा, पिकायला लागली की हिरव्याची पिवळट-ऑलिव्ह होते, आणि बीज सुटून गेलं की ती कड पांढरी रिकामी राहते. पिवळट कडेचा तुकडा कापा, टिपकागदाने हलका पुसून रात्रभर ओलसर अंधारात ठेवा आणि सकाळी ताज्या समुद्राच्या पाण्यात टाकून खिडकीत ठेवा. थोड्या वेळात पाणी हिरवट धुरासारखं दिसायला लागतं. एक थेंब घ्या, आयोडीनने मारा, आणि शेपट्या मोजा. दोन असतील तर गॅमेट (जोडीदाराशी जुळणारी पेशी), म्हणजे आई-झाड हॅप्लॉइड. चार असतील तर झूस्पोर (पोहणारा बीजाणू), आई-झाड डिप्लॉइड. बशीत प्रकाशाकडच्या कडेला गोळा झाले तर गॅमेट आणि अंधाराकडे पळाले तर झूस्पोर असं पण पुस्तकात दिलंय, ढोबळ अंदाजाला चांगलं आहे, पण गॅमेटची जोडी जमली की तो झायगोट पण अंधाराकडेच पळतो, आणि त्या जोडीला पण चारच शेपट्या दिसतात, त्यामुळे एकट्या थॅलसचं पाणी वेगळं ठेवून बघा, दोन थॅलस एका बशीत नकोत.

अजून एक भानगड म्हणजे जोडीदार न मिळालेला गॅमेट पण उल्व्हात सरळ चिकटून वाढायला लागतो, आणि काही वेळा वाढता वाढता स्वतःचा संच दुप्पट करून बसतो. म्हणजे बाप नसलेला डिप्लॉइड. कल्चरमध्ये दोन-तीन पिढ्या गेल्या असतील तर हे लक्षात असू द्या, नाहीतर पॉलिप्लॉइडी, म्हणजे संच वाढलेली जात सापडली म्हणून पेढे वाटाल.

लॅबमध्ये वाढवणं आणि ते घड्याळ

समुद्राचं पाणी गाळून, तापवून, थंड करून वापरा. खाडीतलं नको, त्याचा खारटपणा रोज बदलतो. बशीवर झाकण ठेवा, बाष्पीभवनाने पाणी खारट होत जातं आणि आपल्याला कळत नाही. तपकिरी डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळं) फार झाले तर जर्मेनियम डायऑक्साइड किंचित टाकतात. बॅक्टेरिया मात्र अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, उल्व्हाला आकार धरायलाच बॅक्टेरिया लागतात, पूर्ण निर्जंतुक केलंत तर पान-नळी काही होत नाही, नुसता पेशींचा गोळा राहतो.

आता माझे दोन महिने का वाया गेले ते. उल्व्हाच्या पेशी दिवसा खातात आणि रात्री फुटतात. दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून वाढायचं आणि अंधार पडल्यावर विभाजन करायचं असा तिचा शिरस्ता आहे. मी अकरा ते चार बघत होते, म्हणजे लोक ऑफिसला गेल्यावर त्यांच्या घरी जाऊन घरात कुणीच कसं नाही म्हणणं झालं.

उपाय दोन. एक म्हणजे अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत दर तासाला एक तुकडा फिक्स करायचा, असं निदान एकदा तरी करावंच लागतं कारण प्रत्येक जातीचा आणि प्रत्येक लॅबच्या तापमानाचा तास वेगळा. मी हॉस्टेलमधून परवानगी काढून दोन रात्री बसले, वॉचमनकाका दर तासाला येऊन चहा घेणार का विचारायचे, आणि त्या आठ बाटल्यांतल्या दोन बाटल्यांत जे होतं ते आधीच्या शंभर स्लाइडींत नव्हतं. दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा: बशी खोक्यात ठेवा, एक एलईडी पट्टी आणि बाजारात मिळतो तो प्लगचा टायमर लावा, आणि दिवस-रात्र उलटी करा. रात्री नऊ ते सकाळी नऊ उजेड, सकाळी नऊला अंधार. आठवडाभर तसंच राहू द्या, शेवाळ नव्या वेळेला सरावतं, मग तुमच्या अकरा ते चारमध्येच तिची रात्र येते. खोक्याला कुठूनही उजेड शिरत नाही ना ते बघा, मी शेवटी काळी पॉलिथीन गुंडाळली होती. तुकडा काढताना झाकण उघडावंच लागतं, त्यापेक्षा दर तासाची बशी वेगळी ठेवा आणि एकदा उघडली ती संपली.

नवं पीक हवं असेल तर उल्व्हाला तुकडे करून फसवता येतं. अख्ख्या पानात बीज धरू नये म्हणून तीच काही रसायनं सोडत असते, पान अगदी बारीक, मिलिमीटरभर चिरलं आणि दोन-तीनदा नवीन पाण्यात धुतलं की ती रसायनं निघून जातात आणि तुकडे पिकायला लागतात. प्रयोगशाळेतल्या म्युटॅबिलिसमध्ये तिसऱ्या दिवशी सकाळी उजेड लागला की गॅमेट सुटतात. आपल्या कातळावरच्या उल्व्हात एवढं नेमकं घड्याळ मिळेलच असं नाही, पण चिरून धुवायची युक्ती करून बघा. सुटलेलं पाणी कव्हर स्लिप ठेवलेल्या बशीत ओता, ते स्लिपलाच चिकटून वाढतात आणि दोन-तीन आठवड्यांचं कोवळं रोप स्लिपसकट फिक्स करता येतं, खरवडणं नाही, हरवणं नाही. मला विचाराल तर सगळ्यात स्वच्छ स्लाइडी अशाच मिळतात.

फिक्स, स्टेन, दाबणं

फिक्सेटिव्ह तोच आपला, तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल अॅसेटिक, त्याच दिवशी केलेला. हिरवा रंग उतरेपर्यंत बदलत राहा, चोवीस तास जाऊ द्या, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रीजमध्ये. क्लोरोफिल पूर्ण गेलंच पाहिजे, पांढरट पारदर्शक तुकडा दिसला पाहिजे.

पेशीभित्तिका चिवट असते, म्हणून स्टेनच्या आधी ५ टक्के ईडीटीएमध्ये अर्धा तास ते दोन-तीन तास भिजवतात, नुसतं दाबून फुटत नाही. स्टेनला अॅसिटोकार्मिन चालतं पण त्यात लोखंड हवं, आमच्या मॅडम गंजलेल्या सुईने ढवळायला सांगायच्या आणि ती थट्टा नव्हती, लोखंडाशिवाय शेवाळाचे क्रोमोसोम फिकट गुलाबी राहतात आणि सगळीकडे सारखाच रंग दिसतो. त्याहून चांगला विटमनचा स्टेन, १९६५ पासूनचा: ४५ टक्के अॅसेटिक अॅसिडच्या १०० मिलीत ४ ग्रॅम हिमॅटॉक्सिलिन आणि १ ग्रॅम आयर्न अॅलम, काही दिवस मुरू द्यायचा लोणच्यासारखा, आणि वापरायच्या आधी त्यातल्या ५ मिलीत २ ग्रॅम क्लोरल हायड्रेट विरघळवायचं. क्लोरल हायड्रेट लॅबमधल्या जबाबदार माणसाच्या समोरच घ्या, हातमोजे घालून.

मग एक मिलिमीटरचा तुकडा, त्यावर स्टेनचा थेंब, कव्हर स्लिप, किंचित गरम करायचं, उकळी नाही, हाताच्या पाठीला सोसेल इतपत. टिपकागदाची दुहेरी घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा इकडेतिकडे सरकला की संपलं, पेशी गुंडाळून शेवया होतात. एका हाताने स्लिपची कड धरून ठेवा. कांद्याला जेवढा जोर लावता त्याहून बराच जास्त लागतो, मी पहिल्या आठवड्यात सात स्लिप फोडल्या आणि मग कळलं की जोर हळूहळू वाढवायचा असतो.

आणि एवढं करूनही क्रोमोसोम नीट पांगणार नाहीत. याचं कारण तुमचा हात नाही. या गटात विभाजनाच्या वेळी न्यूक्लियसचं आवरण विरघळत नाही, क्रोमोसोम त्या पिशवीच्या आतच वेगळे होतात. आपण बाहेरून पेशी फोडतो पण आतली पिशवी शाबूत राहते आणि क्रोमोसोम तिच्यात मुठीतल्या चिंचोक्यांसारखे एकावर एक. म्हणून फोकस वरखाली करत तीन-चार पातळ्यांवर फोटो काढा आणि कागदावर चित्र काढा. हो, पेन्सिलीने, हाताने. चित्र काढताना जे लक्षात येतं ते फोटोत येत नाही. कोल्चिसिनने, म्हणजे विभाजन अडवणाऱ्या रसायनाने पांगतील अशी आशा फार धरू नका, शेवाळांवर त्याचा असर कमीच, आणि विष आहे ते वेगळंच.

मोजताना फसवणारे तिघे. एक, पायरेनॉइड: क्लोरोप्लास्टमधला तो गोल प्रोटीनचा गोळा मस्त रंग घेतो आणि नवशिक्याला मोठा क्रोमोसोम वाटतो. दोन, न्यूक्लिओलसशी (न्यूक्लियसमधल्या गडद गोळ्याशी) जोडलेला क्रोमोसोम: मध्ये बारीक धागा असतो, धागा दिसला नाही की एकाचे दोन मोजले जातात. तीन, डॅपी हा डीएनएला बसून निळा चमकणारा रंग वापरत असाल तर पृष्ठभागावरचे बॅक्टेरिया आणि क्लोरोप्लास्टमधला डीएनए पण निळा चमकतो, चांदण्या मोजत बसाल. कमीत कमी वीस स्वच्छ प्लेट, म्हणजे क्रोमोसोम सुटे दिसणाऱ्या विभाजनातल्या पेशी मोजा आणि सगळे आकडे लिहा, फक्त आवडलेले नाही. सोळा प्लेटमध्ये १० आणि चार प्लेटमध्ये ९ आले तर तसंच लिहा.

जमलं तर स्पोरोफाइटच्या पिकत्या कडेतलं पहिलं विभाजन पकडा, ते मिऑसिस, म्हणजे संच निम्मा करणारं विभाजन असतं. तिथे जोड्या जमलेल्या असतात, ठिपके निम्मे आणि जाडजूड, मोजायला खूप सोपं. मद्रासला रामनाथन यांनी १९३९ साली एंटेरोमॉर्फावर पिढ्या आणि पेशीविज्ञान दोन्ही असं एकत्रच केलं होतं, आपल्याकडच्यापेक्षा साध्या मायक्रोस्कोपवर, म्हणून मायक्रोस्कोपची तक्रार माझ्याकडे करू नका.

आकडा आला, मग काय

इथे खरी गंमत. उल्व्हात आकड्यावरून जाती वेगळ्या होत नाहीत. नऊ की दहा यावर भांडण्यात अर्थ नाही, वेगवेगळ्या जातींत तोच आकडा येतो. पण हेच तुम्ही क्लॅडोफोरा आणि किटोमॉर्फात केलंत तर गोष्ट बदलते. तिथे आकडे सहाच्या पाढ्यात येतात, ६, १२, १८, २४ असे, म्हणजे मूळ संच सहाचा आणि तो पुन्हा पुन्हा वाढत गेलेला. १९७० च्या सुमाराला स्वीडनमध्ये विक-स्योस्टेट यांनी क्लॅडोफोरावर हेच दाखवलं. तिथे १८ चा अर्थ लावता येतो, उल्व्हात लावता येत नाही. क्लॅडोफोरात १७ आले तर मी आधी स्वतःवर संशय घेते आणि प्लेट पुन्हा बघते. त्यामुळे नात्यागोत्याचा प्रश्न आकड्यावरून सोडवायचा असेल तर क्लॅडोफोरा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे, जरी सगळ्यांना उल्व्हाच आवडत असली तरी.

संच वाढलाय हे पक्कं करायला डीएनए किती आहे ते पण मोजतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅप्रॉन यांनी शेवाळांच्या ढीगभर जातींची अशी मापं काढली. पद्धत अशी की डॅपीने रंगवून चमक मोजायची आणि कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशीशी तुलना करायची, तिच्यात २.४ पिकोग्रॅम डीएनए धरतात, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ९७८ मिलियन बेस पेअर. उल्व्हाचा हॅप्लॉइड न्यूक्लियस सुमारे ०.१ पिकोग्रॅम, म्हणजे कोंबडी चोवीसपट उजळ. एकाच एक्सपोजरवर दोन्हींचा फोटो घेतलात तर एक पांढराफट्ट आणि दुसरा दिसेनासा, त्यामुळे कॅमेऱ्याची चमक कुठे अडकते ते आधी तपासा. शिवाय डॅपी एटी जोड्यांवर जास्त बसतो, म्हणून हे आकडे अंदाजच समजायचे. क्रोमोसोम दुप्पट आणि डीएनए पण साधारण दुप्पट आला तर मात्र संच वाढलाय असं म्हणायला हरकत नाही.

नाती

कोण कोणाच्या नात्यातलं हे बघायला सिलिका जेलमधला तो तुकडा. उल्व्हाला क्लोरोप्लास्टचा ट्यूफ-ए किंवा आरबीसीएल आणि न्यूक्लियसचा आयटीएस, डीएनएच्या या ओळख पटवणाऱ्या तुकड्यांतले निदान दोन वाचा. पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती कशा काढायच्या ते इथे लिहीत नाही, ते कुठेही मिळतं. मात्र क्लॅडोफोरा-किटोमॉर्फावर तेच प्राइमर (प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे) लावून बँड येत नाही, म्हणजे प्रती निघत नाहीत म्हणून रडू नका. मी चार वेळा डीएनए नवीन काढला, पॉलिमरेज बदललं, सगळं केलं. या गटाचा क्लोरोप्लास्ट जिनोम नेहमीसारखा गोल नाहीच. २०१७ साली बूडलिया नावाच्या नातेवाइकात दाखवलं की तो केसांच्या पिनेसारख्या दुमडलेल्या ३४ छोट्या क्रोमोसोममध्ये तुकडे होऊन पडलाय. तेव्हा तिथे सरळ न्यूक्लियसच्या रायबोसोमल जीनवर जा.

नळी आणि पान हा फरक डोळ्यांना केवढा मोठा वाटतो, पण २००३ साली हेडन आणि सहकाऱ्यांनी डीएनए बघितला तर नळीवाले आणि पानवाले एकमेकांत मिसळलेले निघाले, वेगळ्या फांद्या नाहीतच. एंटेरोमॉर्फा हे नाव गेलं, सगळ्या उल्व्हा. शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्या एकत्रच ठेवल्या होत्या, मधले दोनशे वर्षांचे लोक उगाच वेगळ्या करत बसले. दोन्हींचे क्रोमोसोम ९-१० च येत होते, पण त्या आकड्यावरून कुणाला एकत्र करायचं धाडस झालं नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. आपल्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत उल्व्हा फॅसिआटा लिहितो ना, ती डेलिलने १८१३ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून वर्णन केलेली. २०१९ साली लिनियसच्या उल्व्हा लॅक्टुकाच्या मूळ सुकवलेल्या नमुन्यातून डीएनए काढला आणि तो फॅसिआटाशी जुळला. म्हणजे खरी लॅक्टुका ही उष्ण पाण्यातली, आणि उत्तर युरोपात इतकी वर्षं जिला लॅक्टुका म्हणत होते ती वेगळीच, तिला आता फेनेस्ट्राटा म्हणतात. आता युरोपातल्या जुन्या पेपरातला 'लॅक्टुकाचे क्रोमोसोम इतके' हा आकडा तुम्ही आपल्या कोकणातल्या लॅक्टुकाशी कसा जुळवणार? अडीचशे वर्षांपूर्वीचा सुकलेला तुकडा जपून ठेवला होता म्हणून हा गुंता सुटला, आणि तुम्ही हर्बेरियम शीटचा कंटाळा करता.

म्युटॅबिलिसचं पण तसंच. फॉइन यांनी १९५२ साली पोर्तुगालमध्ये ओल्यावला गोळा केली, १९५८ मध्ये नवी जात म्हणून नाव दिलं, जगभरच्या लॅबमध्ये गेली, जिनोम झाला, आणि २०१९ मध्ये कळलं की ही तर आपली नेहमीची उल्व्हा कॉम्प्रेसाच. हे नुसत्या डीएनएच्या झाडावरून नाही, दोघींचे गॅमेट एकमेकांशी जुळतात का हे पण बघितलं.

ते तुम्हीही करू शकता आणि एमएस्सीला हे पुरेसं होतं. दोन थॅलसचे गॅमेट वेगळे काढा, एक एक थेंब शेजारी शेजारी ठेवून काडीने जोडा आणि मायक्रोस्कोपखाली बघत राहा. जुळणारे असतील तर मिनिटभरात गॅमेट घोळक्याने एकमेकांना चिकटायला लागतात, बघायला फार मजा येते. काहीच झालं नाही तर लगेच वेगळी जात म्हणू नका, दोन्ही एकाच मेटिंग टाइपचे, म्हणजे एकाच लिंगासारखे असतील. प्रत्येक जागेचे निदान पाच-सहा थॅलस घेऊन सगळ्यांची सगळ्यांशी गाठ घाला. आणि नुसती गाठ पडली म्हणून एक जात असंही नाही, झायगोट वाढतो का, त्या पिलाला पुढे धड झूस्पोर येतात का, तिथपर्यंत जावं लागतं, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात, म्हणून हे डिसेंबरातच सुरू करा, एप्रिलमध्ये नाही.

हर्बेरियम शीटच्या कोपऱ्यात काय काय लिहायचं ते सांगते: थॅलसचा नंबर, जागा, तारीख, तिथी पण लिहिली तरी चालेल, दोन शेपट्या की चार, अंधार सुरू झाल्यापासून कितव्या तासाला फिक्स केलं, किती प्लेट मोजल्या आणि प्रत्येकात किती, डीएनएच्या नळीचा नंबर. स्लाइड टिकवायची असेल तर कडेला नेलपॉलिश लावा, पण विटमनची स्लाइड आठवड्यात काळवंडते, तेव्हा चित्र त्याच संध्याकाळी काढून घ्या.